गाण्यांचा सातबारा

यवतमाळचा दुर्गोत्सव कोलकात्यानंतर देशात दुसरा, हे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. हा क्रमांक कोणी लावला, मोजलं काय, मंडप की मूर्ती की गर्दीत तुडवले गेलेले पाय, आणि मुख्य म्हणजे कोलकात्याला हे कळवलं आहे का, असले प्रश्न विचारणारा माणूस हमखास अमरावतीचा निघतो. आम्ही त्याच्याशी वाद घालत नाही. नवरात्रात रात्री दत्त चौकातून गाडी काढून दाखव, एवढंच म्हणतो. तो गाडी ढकलत जातो आणि पुढच्या चौकात पोचेपर्यंत दुसरा क्रमांक त्याला मान्य झालेला असतो.

या दाव्यातली हुशारी लक्षात घ्या. पहिला नंबर मागितला असता, तर कोणी तरी पुरावा मागितला असता. दुसरा नंबर मागणारा माणूस नम्र दिसतो आणि नम्र माणसाकडे कागदपत्रं मागायची आपल्याकडे रीत नाही.

तर ज्या गावाने स्वतःचा क्रमांक स्वतःच लावून घेतला, त्या गावचे आमचे तलाठीभाऊ. त्यांचं खरं नाव सांगत नाही, कारण ते नोकरीत आहेत आणि त्यांच्या सज्जातले लोक आधीच त्यांना शोधत असतात. या तलाठीभाऊंनी अजय-अतुल यांच्या तमाम गाण्यांची क्रमवारी लावायला घेतली, तेव्हा टपरीवर कोणाला नवल वाटलं नाही. क्रमवारी कोण लावत नाही? नवल वाटलं ते त्यांच्या वहीचं.

वही जाड, कापडी पुठ्ठ्याची, आत आडवे-उभे रकाने. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची आणि गाव नमुना बारा म्हणजे तिच्यात पिकलं काय. दोन्ही मिळून सातबारा. हे यवतमाळच्या वाचकाला सांगणं म्हणजे त्याचा अपमान आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगितलं. त्यांची आणि सातबाऱ्याची भेट फार्महाऊस घेतानाच होते. तलाठीभाऊंनी प्रत्येक गाण्याचा सातबारा काढला होता. चित्रपट किंवा अल्बम म्हणजे गाव. गाणं म्हणजे गट क्रमांक. कब्जेदाराच्या रकान्यात सगळीकडे अजय-अतुल. इतर हक्कांत गीतकार: ‘जोगवा’त संजय कृष्णाजी पाटील, ‘नटरंग’मध्ये गुरू ठाकूर. (इतर हक्कात ज्याचं नाव असतं, तो जन्मभर कब्जेदाराकडे बघत बसतो. मराठी गीतकारांचं दुःख मला या एका रकान्यात जेवढं कळलं, तेवढं परिसंवादांतून कळलं नव्हतं.) आणि नमुना बारामध्ये पीकपाहणी: हे गाणं कोणत्या हंगामात घेतलं जातं? लग्नसराई, गणपती, नवरात्र, की बारमाही? कुठेच वाजत नसेल तर शेरा: पडीक.

“पण भाऊ, अजय-अतुलच का?” मी विचारलं. तलाठीभाऊंच्या पिढीने हट्टाने खय्याम नाही तर मदनमोहन धरून बसायचं असतं, निदान चारचौघांत.

“आपल्या खात्याची पोरं हायेत ना भाऊ थे!”

ही गोष्ट खरी आहे. गोगावले बंधूंचे वडील महसूल खात्यात होते. त्यांच्या बदल्यांबरोबर या भावांचं बालपण आळंदी, राजगुरुनगर, शिरूर, जुन्नर असं फिरत गेलं. घरात संगीताची परंपरा नव्हती. तलाठीभाऊंच्या मते परंपरा होती, ती बदल्यांची. वर्षा-दोन वर्षांनी नव्या गावचं भजन, नव्या गावची जत्रा, नव्या गावचा बँड कानावर पडत गेला. “एकाच गावी राह्यले असते तं एकाच चालीत अडकले असते,” हे त्यांचं मत मला पटलं. बदलीचा अर्ज रद्द करून घेण्यासाठी मंत्रालयापर्यंत जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडी ते जास्तच शोभलं.

पहिला घोटाळा मुखपृष्ठावरच झाला. अतुल थोरला, जन्म १९७४ चा. अजय धाकटा, १९७६ चा. वारस नोंदीत थोरल्याचं नाव आधी येतं, म्हणून तलाठीभाऊंनी नियमाप्रमाणे ‘अतुल-अजय’ लिहिलं. त्यांचा पोरगा म्हणाला, “बाबा, असं कोणीच म्हणत नाही.” त्यावर “कोणी म्हणत नाही म्हणून वारसा बदलते का?” असा सवाल झाला आणि दोन दिवस घरात अबोला. शेवटी इंग्रजी वर्णानुक्रमाने अजय आधी येतो, या कारणावर तडजोड झाली. पण थोरल्यावर अन्याय झाल्याची चुटपुट त्यांना लागून राहिली आहे. ते स्वतः थोरले आहेत.

मग सालांचा प्रश्न. ‘जोगवा’ पडद्यावर आला सप्टेंबर २००९ मध्ये आणि संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो २००८ सालचा. ‘जीव रंगला’साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल यांना मिळाले, तेही २००८ चेच. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. तलाठीभाऊ निर्विकार होते. दुष्काळ एका सालचा आणि मदत तिसऱ्याच सालची, यात ज्याची नोकरी गेली, त्याला सेन्सॉरचं साल आणि प्रदर्शनाचं साल यांत काय नवल? उलट ‘नटरंग’ १ जानेवारी २०१० ला आला, याचा त्यांना फार आनंद झाला. एक दिवस आधी आला असता, तर दोघं एकाच सालात येऊन बांध कोरण्यावरून डोकी फुटली असती.

खरी अडचण देवांनी केली.

तलाठीभाऊंची यादी ‘विश्वविनायक’पासून सुरू होते. २००१ चा अल्बम, एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांचे आवाज. तलाठीभाऊंनी त्यातल्या एका गाण्याला तिसरा क्रमांक दिला आणि वही पलंगावर उघडी ठेवून आंघोळीला गेले. आईने पाहिलं.

“काऊन रे, गनपतीले तिसरा नंबर?”

“आई, थो गाण्याचा नंबर हाय. देवाचा नाही.”

“पयली पूजा कोनाची असते? जाय, कळंबले जाऊन चिंतामणीसमोर सांग, का तुले म्या तिसरा नंबर देल्ला म्हणून!”

कळंब काही लांब नाही, पण चिंतामणीसमोर असं काही बोलण्याची हिंमत जिल्ह्यात कोणाची आहे? रात्रभर विचार करून तलाठीभाऊंनी महसुली तोडगा काढला. भक्तिगीतं म्हणजे देवस्थान इनाम. इनाम जमीन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, तशी तिला क्रमांकही देता येत नाही. ‘विश्वविनायक’ सगळाच्या सगळा इनामात गेला. आई प्रसन्न झाली आणि इथेच न थांबता वही मांडीवर घेऊन बसली. ‘अगं बाई अरेच्चा’तली ‘दुर्गे दुर्घट भारी’? ती तर आरतीच, इनाम. ‘उलाढाल’मधला मोरया? इनाम. ‘अग्निपथ’मधला गणेश हिंदी असला तरी गणेशच, इनाम. ‘मल्हारवारी’ खंडोबाची, ‘लल्लाटी भंडार’ देवीचं. संध्याकाळपर्यंत वहीतली निम्मी बागायत देवांच्या नावावर जाऊन बसली. पोरगा म्हणाला, “पण बाबा, ‘मल्हारवारी’वर तर लोक नाचतात.” आजी म्हणाली, “नाचतील नाही तं काय? देवापुढंच नाचत असते माणूस.” याला उत्तर नाही. जागरण-गोंधळाच्या परंपरेवरचे जाडजूड प्रबंधसुद्धा शेवटी याहून वेगळं काय सांगतात?

फेरफाराची नोंद तलाठी घेतो, पण ती प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. घरोघरी हे पद कोणाकडे असतं, हे विवाहित वाचकांना ठाऊक आहे. देवांची जमीन वजा जाता उरलेल्या यादीत ‘जीव रंगला’ पहिल्या क्रमांकावर होतं. वहिनींनी वही पाहिली आणि शांतपणे विचारलं, “आपल्या लग्नात हे गाणं होतं काय वो?”

लग्न १९९८ चं. गाणं तेव्हा कुठून असणार?

“मंग हे लागलं का तुमी डोळे मिटून कोनाले आठोता?”

दुसऱ्या दिवशी ‘जीव रंगला’ पाचव्या क्रमांकावर आलं. फेरफाराचं कारण या रकान्यात लिहिलं होतं: कौटुंबिक वाटणी.

बाकीच्या नोंदींत फार न शिरता दोन सांगतो, कारण त्या अस्सल महसुली आहेत. ‘जत्रा’मधलं ‘कोंबडी पळाली’ आणि २०१२ च्या ‘अग्निपथ’मधलं ‘चिकनी चमेली’, चाल एकच. म्हणजे एकाच जमिनीचे दोन सातबारे! असली प्रकरणं तलाठीभाऊंना तोंडपाठ. त्यांनी कोंबडीचा मूळ हक्क कायम करून चमेलीची नोंद कूळ म्हणून केली. (मुंबईत मात्र मालकीण चमेलीच समजली जाते. कूळकायद्याचा असाही महिमा.) दुसरं ‘फँड्री’चं. त्या चित्रपटासाठी अजय-अतुलनी केलेलं गाणं प्रसिद्धीपुरतं होतं, चित्रपटात ते नाहीच. गाणं महाराष्ट्रभर वाजलं आणि चित्रपटगृहात लोक ते आता येईल, मग येईल म्हणून वाट बघत राहिले. तलाठीभाऊंचा शेरा: सातबारा आहे, नकाशावर जमीन आढळून येत नाही.

टपरीवर वेगळीच मागणी उठली. २०२२ चा ‘झुंड’ नागपूरच्या झोपडपट्टीतल्या फुटबॉलचा, विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला, संगीत अजय-अतुल यांचं. तेव्हा विदर्भाचा अनुशेष भरून काढण्यासाठी ‘झुंड’च्या गाण्यांना सरसकट पाच क्रमांकांची बढती मिळावी, असा ठराव तर्री-पोह्यांच्या साक्षीने पास झाला. तलाठीभाऊंनी तो फेटाळला. “अनुशेष नागपूरनंच खाल्ला आपला,” ते म्हणाले. “यवतमाळले काय भेटलं थे सांगा.” यावर टपरी गप्प झाली, कारण मुद्दा गाण्यांचा राहिला नव्हता.

क्रमवारीचं हे वेड घराण्यातच आहे म्हणा. त्यांचे वडील बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन लावून बिनाका गीतमालेची पायदानं वहीत उतरवत. अमीन सयानींनी ती मालिका १९५२ च्या डिसेंबरात सुरू केली. तिच्या क्रमांकांमागे रेकॉर्डच्या खपाचे आकडे आणि गावोगावच्या श्रोतासंघांची मतं असत. मुलाचा श्रोतासंघ एकट्याचा आहे, तरी त्याच्यात एकमत होत नाही.

क्रमवारीची सगळ्यात निःपक्ष पद्धत मला दिसली ती यवतमाळ-पुणे ट्रॅव्हल्समध्ये. तलाठीभाऊ पोराला कॉलेजात सोडायला निघाले होते, मी माझ्या कामाला. चालकाने पेनड्राइव्ह खुपसला आणि अजय-अतुलचा कप्पा उघडला. यंत्राला ना देव कळतो, ना बायको. ते इंग्रजी अक्षरांप्रमाणे चालतं. दारव्ह्याच्या आसपास ‘ए’ची अप्सरा आली. कारंजाला पोचेपर्यंत ‘डी’चे देव आटोपले. जेवणाच्या ढाब्यावर ‘के’ची कोंबडी पळाली, तीही थाळीत आली तेव्हाच. मेहकर, सिंदखेडराजा, जालना, मग सगळी गाडी झोपली. पहाटे शिरूर आलं, तसे तलाठीभाऊ उठून बसले, खिडकीची काच सरकवून त्यांनी हात जोडले. मी म्हटलं, देऊळ आहे का इथे? म्हणाले, “नाही, साहेबांच्या पोराईची शाळा इथंच कुठं तरी असन.” पोराने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. आणि त्यानंतर, शिक्रापूरच्या अलीकडे, गाडीतला एकही माणूस शुद्धीवर नसताना, ‘झेड’ आला.

‘झिंगाट’.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. देव, बायको, अनुशेष यांतून तलाठीभाऊ निभावले, पण या एका गाण्याने त्यांचं पान कोरं ठेवलं होतं. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला, म्हणजे ऐन लग्नसराईत. त्यात गाणी अवघी चार. संगीतासाठी दोघं भाऊ थेट हॉलिवूडला जाऊन तिथला सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित करून आले. त्या वाद्यवृंदाने जे केलं, ते आमच्याकडचे धुमालवाले एका बँजोवर आणि चार ताशांवर काढतात आणि वर लिंबू सरबत मागतात. बाकीच्या तीन गाण्यांना तलाठीभाऊंनी झटक्यात क्रमांक दिले. ‘झिंगाट’ला पहिला द्यावा, तर दर्दी लोकांत तोंड दाखवायची सोय नाही. जे गाणं सगळ्या गावाला आवडतं ते आपल्याला पहिलं आवडलं, तर मग वही कशाला लिहायची? विसावा द्यावा, तर गेल्या लग्नसराईतले त्यांचे स्वतःचेच व्हिडिओ नातलगांच्या मोबाइलमध्ये आहेत. एकात त्यांच्या डोक्यावर टोपी नाही. दुसऱ्यात ती घोड्याच्या डोक्यावर आहे.

शेवटी तज्ज्ञाचा अहवाल घ्यायचं ठरलं. मे महिना, पारा चाळिशीच्या वर, आर्णी रोडवर एक वरात सावली शोधत थांबलेली. धुमालचे मास्तर गमछा ओला करत होते. तलाठीभाऊंनी वही काढली.

“काकाजी, सगळ्यात चांगलं गाणं कोणतं?”

“चांगलं-वाईट आमाले काय करायचं भाऊ? वरात पुढं सरकते का नाही, थे आमी पाह्यतो.” मास्तरांनी बोटं मोडायला घेतली. “‘मल्हारवारी’ लावलं का म्हातारे बी पाय उचलते, वरात चालते. ‘अप्सरा’ लावलं का बाया नाचते, माणसं पाह्यत उभे रायते, वरात थांबते. ‘कोंबडी’ लावलं का लहान पोट्टे मंधात घुसते, तरी दहा पावलं निघते.”

“आन् ‘झिंगाट’?”

मास्तरांनी गमछा पिळला. “थे लावलं का मुहूर्त गेला समजा.”

मग त्यांनी धंद्यातलं खरं गुपित सांगितलं. नवऱ्याकडची पोरं ‘झिंगाट’साठी नोटा ओवाळतात, आणि मंडपाच्या दारात ताटकळलेला मुलीचा मामा हळूच येऊन ते बंद करण्यासाठी वेगळी नोट देतो. वाजवण्याचे पैसे मिळणारी गाणी पुष्कळ आहेत. न वाजवण्याचेही पैसे मिळवून देणारं गाणं हेच एक. रात्रीच्या वरातीत तर हिशेब आणखी सोपा: दहाला भोंगे बंद करायचा नियम २००० सालापासून आहे, म्हणून दहाला पाच कमी असताना जे वाजतं ते ‘झिंगाट’. तो नियम पोरांना घड्याळात नाही, पायांत कळतो.

तलाठीभाऊ वरातीत उभ्या-उभ्या लिहीत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जुनी मोजणी सुटल्याचं समाधान दिसलं. पान माझ्यापुढे धरलं. गाव: सैराट. गट: झिंगाट. जमिनीचा प्रकार: गायरान. कब्जेदार: समस्त गाव. पीक: बारमाही चराई. क्रमांक: लागू नाही. खाली शेरा: सन २०१८ मध्ये ‘धडक’ या हिंदी इसमाचे अतिक्रमण आढळून आले.

आणि पहिला क्रमांक? तो त्यांनी ‘खेळ मांडला’ला दिला. ‘नटरंग’मधलं, अजयच्या आवाजातलं. मी नमुना बारा उघडून पाहिला. लग्नसराई: नाही. गणपती: नाही. नवरात्र: नाही. वरात: नाही. शेरा: पडीक. ज्यात काहीच पिकत नाही, ती जमीन पहिल्या नंबरावर कशी, असं विचारलं, तर म्हणाले, “पडीक हाय म्हणून तं अजून मापात हाय भाऊ. बाकीच्याईचे बांध लोकाईनं नाचू-नाचू सपाट केले.”

एवढं चांगलं उत्तर देणाऱ्या माणसाशी वाद घालणं जिवावर येतं. तरीही ‘जोगवा’तल्या ‘मन रानात गेलं’ला अकरावा क्रमांक हा उघड अन्याय आहे आणि माझी हरकत मी लेखी दिली आहे. श्रेया घोषालने मराठीत काय-काय गायलं, याचा पंचनामा करायची वेळ आली, तर ते गाणं पहिल्या तिनात धरावं लागेल. तलाठीभाऊंनी पोच दिली आणि मंडळ अधिकाऱ्यांकडे पाठवतो म्हणाले. वहिनींनी अजून निकाल दिलेला नाही. त्या आधी गाणं मला कोणाची आठवण करून देतं, याची चौकशी माझ्या घरी करणार आहेत.

फेरफाराची नोटीस सध्या टपरीच्या फळीवर लागलेली आहे. नियमाप्रमाणे मुदत १५ दिवस. आपली काही हरकत असेल तर गटाचं नाव, आपला क्रमांक आणि कारण लिहून तिथेच द्यावं. देवस्थान इनामाबद्दलच्या हरकती आजींकडे द्याव्यात, आपल्या जबाबदारीवर. आणि ‘झिंगाट’बद्दल काही म्हणणं असेल, तर तलाठीभाऊंना वरातीत गाठून तोंडी सांगू नये. तिथे त्यांना ऐकू येत नाही आणि ते थांबतही नाहीत.